चहातली पांढरी पावडर : दूध नव्हे, क्रीमही नव्हे

आपल्याकडे चहा करणाऱ्यांचे दोन पंथ पूर्वापार आहेत. एक आलं किंवा गवती चहा घालून, दूध ओतून, पातेल्यात खळखळ उकळणाऱ्यांचा. दुसरा किटलीतल्या चहात वरून दूध घेणाऱ्यांचा. अमेरिकेत आल्यावर त्यात तिसऱ्याची भर पडली. कपात गरम पाणी, त्यात टी-बॅग आणि वरून दोन चमचे पांढरी पावडर! ऑफिसात, मोटेलात, मंडळाच्या कार्यक्रमात कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी हा डबा ठरलेला. दूध नासतं, सांडतं, ऐन वेळी संपतं. डबा मात्र महिनोन् महिने तसाच. म्हणून तो ऑफिसातून हळूच आपल्या स्वयंपाकघरातही येऊन बसला.

एखाद्या कपातला एखादा चमचा कुणाच्या जिवावर उठत नाही, हे आधीच सांगायला हवं. प्रश्न येतो तो ही पावडर दुधाची जागा घेते तेव्हा. आणि आपल्या घरांत ती जागा बहुधा कुणाच्या कपात घेतली जाते? देशातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांच्या! मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही. गॅलन संपला तर आणायचा कोणी? "असू दे, ती पावडर आहे ना," असं म्हणून दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो. म्हणून त्या डब्यात नक्की काय असतं ते एकदा नीट पाहू या.

डब्याची जन्मकथा

अमेरिकेत १९५२ साली 'प्रीम' नावाची पावडर बाजारात आली. ती खऱ्या क्रीमची होती, पण कॉफीत नीट विरघळत नसे, गुठळ्या होत. मग दुधाची चरबी काढून तिच्या जागी वनस्पती तेल घालायची युक्ती निघाली. १९६१ साली कार्नेशन कंपनीने 'कॉफी-मेट' आणलं आणि हा प्रकार घरोघरी गेला. पुढे १९८५ मध्ये कार्नेशन कंपनीच नेस्लेने विकत घेतली.

देशात आपण 'अमूल्या' किंवा 'एव्हरीडे' वापरत होतो, तेच हे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तसं नाही. ते डेअरी व्हाइटनर, म्हणजे मुख्यतः दुधाचीच भुकटी आणि साखर. इथल्या नॉन-डेअरी क्रीमरची गोष्ट अगदी निराळी.

आत काय असतं?

डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो आधी, हा नियम आहे. साध्या क्रीमरमध्ये पहिला असतो कॉर्न सिरप सॉलिड्स, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेला, वाळवलेला पाक. दुसरं हायड्रोजनेटेड तेल: खोबऱ्याचं, पामच्या बीचं किंवा सोयाबीनचं. या दोघांतच डबा जवळजवळ भरतो. बाकीची मंडळी अगदी थोडी, पण कामाची. सोडियम केसिनेट तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले ठेवतं, म्हणून चहा दुधासारखा दिसतो. डायपोटॅशियम फॉस्फेट कॉफीचा आंबटपणा आवरतं, म्हणून पावडर फाटत नाही. मोनो आणि डायग्लिसराइड्स तेल-पाण्याचं सख्य टिकवतात, आणि एक सिलिकेट पावडरीच्या गुठळ्या होऊ देत नाही. शिवाय वास आणि रंग.

यातलं केसिनेट येतं दुधातल्या केसीन या प्रथिनापासून. मग 'नॉन-डेअरी' कसं? तर दूध, साय, लोणी यांपैकी काही थेट घातलेलं नाही, म्हणून. पण यादीत केसिनेटच्या पुढे ते दुधापासून काढलेलं आहे असं छापावंच लागतं, आणि २००६ पासून ॲलर्जीच्या कायद्यानुसार दुधाचा स्पष्ट उल्लेखही बंधनकारक आहे. ज्यांना लॅक्टोज पचत नाही, म्हणजे दूध प्यायलं की पोट फुगतं, त्यांना ही पावडर सहसा बाधत नाही. पण ज्या मुलाला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्याला ती चालणार नाही. हे दोन अगदी वेगळे विकार आहेत. 'नॉन-डेअरी' या शब्दावर विसंबू नका.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट. मोनो आणि डायग्लिसराइड्स वनस्पती तेलापासून होतात, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही. डब्यावर वर्तुळातलं 'यू' आणि शेजारी 'डी' हे कोशर चिन्ह असेल तर मांसाची चरबी नाही असं समजावं, कारण ज्यू धर्मनियमांत दूध आणि मांस एकत्र चालत नाही. उपवासाला मक्याचा पाक चालतो की नाही, हा निवाडा मात्र ज्याने त्याने आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे करावा!

लेबलाचं गणित

आता आकडे. लेबल सांगतं: सर्व्हिंग एक चमचा, २ ग्रॅम. कॅलरी १०, फॅट अर्धा ग्रॅम, प्रोटीन शून्य. वाचून वाटतं, यात आहेच काय? गंमत अशी की एवढ्याशा मापात आकडे पूर्णांकाकडे किंवा अर्ध्याकडे झुकवायची कायद्याने मुभा आहे. १०० ग्रॅम पावडरीचा हिशेब केला तर चित्र वेगळं दिसतं: सुमारे ५३० ते ५५० कॅलरी, ३५ ग्रॅमच्या आसपास फॅट आणि त्यातलं बहुतेक सगळं सॅच्युरेटेड, ५५ ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, प्रोटीन जेमतेम ५ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. कॅल्शियम नावापुरतं.

आपल्या आई-बाबांचा दिवस मोजू. पाच कप चहा, दर कपात शीग लावून दोन चमचे. शिगेचा चमचा सहज ४ ग्रॅम भरतो. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम: सुमारे २१५ कॅलरी आणि जवळजवळ १३ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. कोलेस्टेरॉल कमी करायचं असेल तर दिवसभरात सॅच्युरेटेड फॅट सहा टक्के कॅलरींच्या आत ठेवा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. २००० कॅलरींच्या आहारात ते होतं १३ ग्रॅम. म्हणजे पोळीवरच्या तुपाचा थेंबही न खाता दिवसाचा कोटा चहातच संपला!

तेच पाच कप पाव-पाव कप दोन टक्क्यांचं दूध घालून केले तर? सुमारे १५० कॅलरी, ४ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, वर १० ग्रॅम प्रोटीन आणि साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम. साठी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ होत चाललेल्या आईला यातलं काय हवं, ते सांगायला डॉक्टर नको.

"खोबऱ्याचं तेल तर आपलंच, कोकणात पिढ्यान् पिढ्या नारळ खातात," असं कोणी म्हणेल. आमटीत ओला नारळ घालणं वेगळं आणि त्याचं नुसतं तेल काढून, घट्ट करून, मक्याच्या पाकात वाळवून दिवसभर पिणं वेगळं.

ट्रान्स फॅटचंही सांगायला हवं. पूर्वी अनेक क्रीमरमध्ये अर्धवट हायड्रोजनेटेड तेल असे. २००६ पासून लेबलवर ट्रान्स फॅट छापणं सक्तीचं झालं, पण अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर 'शून्य' लिहिता येई, आणि चमचाभर मापात ते कमीच भरे. शेवटी २०१५ साली एफडीएने अशी तेलं सुरक्षित मानता येत नाहीत असं ठरवलं आणि २०१८ पासून अन्नात ती घालणं बंद होत गेलं. ट्रान्स फॅट गेलं; सॅच्युरेटेड फॅट आहे तिथेच आहे.

कोणी विशेष जपावं?

मधुमेह असलेल्यांनी 'शुगर' या ओळीवर थांबू नये. कॉर्न सिरप सॉलिड्समधला बराच भाग लांब साखळ्यांचा असल्याने साखरेत मोजला जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचा ग्लुकोजच होतो. 'टोटल कार्बोहायड्रेट' वाचावं. 'फॅट-फ्री' डब्यात तेल कमी करून पाकच वाढवलेला असतो, आणि व्हॅनिला-हेझलनटच्या डब्यात साखर वेगळी.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी फॉस्फेटकडे लक्ष द्यावं. अन्नात मुळात असलेल्या फॉस्फरसपेक्षा वरून घातलेलं फॉस्फेट शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि लेबलवर त्याचा आकडा असेलच असं नाही. आहारतज्ज्ञाला डबा दाखवून विचारावं.

आणि तान्ही बाळं. त्यांना ही पावडर दुधाऐवजी कधीही देऊ नये. बाळाला दूध सोसत नाही म्हणून क्रीमर पाजल्यामुळे प्रथिनांच्या अभावी सूज येऊन बाळं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं याच समृद्ध अमेरिकेत डॉक्टरांनी नोंदवली आहेत. लाओस देशात तर क्रीमरच्या डब्यावर पिल्लाला कुशीत घेतलेल्या अस्वलाचं चित्र पाहून आयांनी ते बाळाचं दूध समजल्याचं २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं होतं. बाहेर पडताना आजी-आजोबांना बाळाचा डबा आणि चहाचा डबा वेगळे दाखवून ठेवा.

मग करायचं काय?

टिकाऊ डबाच हवा असेल तर साय काढलेल्या दुधाची भुकटी ठेवा. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ३६ ग्रॅम प्रोटीन असतं. एक तृतीयांश कप भुकटीत पेलाभर दुधाएवढं कॅल्शियम मिळतं. गुलाबजाम आणि पेढ्यांनाही हीच लागते. तिच्यातली प्रथिनं गोळा बांधून ठेवतात. क्रीमर घातला तर तेल आणि पाक सुटून पाकातला गुलाबजाम पाकातच विरघळायचा. दूध पचत नसेल तर लॅक्टोज-फ्री दूध कोणत्याही ग्रोसरी स्टोअरमध्ये मिळतं.

मंडळाच्या कार्यक्रमांसाठीही हिशेब सोपा आहे. गॅलनमध्ये १६ कप दूध असतं. माणशी पाव कप धरलं तर शंभर जणांच्या चहाला दोन गॅलन पुरून उरतात. पुढच्या कार्यक्रमाच्या खरेदीच्या यादीत कमिटीने एवढं लिहून टाकावं. आणि घरी आई-बाबा आलेले असतील तर शनिवारच्या खरेदीत एक गॅलन जास्त आणावा. इतक्या लांबून आलेल्या माणसांना निदान दुधाचा चहा तरी मिळायला हवा, नाही का?