पाटी ब्लॉगची, दुकान वेगळंच

इंटरनेटवरचा पहिला पैसा हातात पडण्याआधी पोस्टमन दारात यावा लागतो. गुगलच्या ॲडसेन्स खात्यात जाहिरातींचे दहा डॉलर जमले की कंपनी तुम्ही दिलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने एक कार्ड धाडते. कडा फाडून उघडायचं, आत सहा आकडी पिन असतो. तो खात्यात भरला की पत्ता खरा ठरला. चार महिन्यांत भरला नाही तर ब्लॉगवरच्या जाहिराती थांबतात. मुक्काम पोस्ट जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर असा पत्ता असेल तर कार्ड यायला दोन ते चार आठवडे धरायचे, कधी त्याहून जास्त. तेवढ्या दिवसांत टपाल कचेरीतल्या माणसाशी चांगली ओळख होते, हा वरचा नफा.

दहा डॉलर म्हणजे साडेआठशे-नऊशे रुपये. तेही लगेच मिळत नाहीत. खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय गुगल रक्कम सोडत नाही आणि साठले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान ती निघते. ‘ब्लॉगमधून किती सुटतात हो?’ असं विचारणाऱ्याला खरं उत्तर इथूनच द्यायला हवं. हजार वाचनांमागे पन्नास रुपये पडले असं समजा. हा आकडा फक्त हिशेबापुरता, कुणाला कमी पडतात, कुणाला जास्त. तरी शंभर डॉलरला साधारण पावणेदोन लाख वाचनं लागली. करमाळा तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अडीच लाखांच्या घरात होती. म्हणजे तालुक्यातल्या दर तीन माणसांपैकी दोघांनी तुमचं एखादं पान उघडावं, तेव्हा कुठे साडेआठ हजार. हे महिन्यात जमलं तर जोडउत्पन्न म्हणायचं, वर्षात जमलं तर मोबाइलचं रिचार्ज.

एवढं कमी का, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. वाचक पान उघडतो त्या क्षणात पडद्यामागे लिलाव होतो, अगदी बाजार समितीतल्यासारखा. माल म्हणजे तो वाचक, आणि बोली लावणारे जाहिरातदार. जास्त बोली ज्याची, त्याची जाहिरात दिसते. आलेल्या पैशांतले साधारण ६८ टक्के ब्लॉगवाल्याला, बाकीचे गुगलला, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. आता पावसावरची कविता वाचायला आलेल्या माणसाला काय विकायचं, हे कोणत्याच जाहिरातदाराला कळत नाही. ‘ठिबकच्या नळ्या तुंबल्या तर काय करावं’ हे शोधत आलेल्या माणसाला काय विकायचं, हे चौघांना कळतं. बोली तिथे चढते. त्यात मराठी वाचकावर बोली लावणारे मुळात थोडे. ॲडसेन्सची सुरुवात २००३ची, हिंदीला त्यात जागा मिळाली २०१४च्या अखेरीस, आणि मराठीचा नंबर त्याच्याही नंतर लागला. आपल्या भाषेतला लेखक या मंडईत उशिरा आलेला शेतकरी आहे.

खरं तर मराठीत लिहिणारे आले होते लवकर. ब्लॉगर ही सेवा १९९९ची, गुगलने ती २००३ मध्ये विकत घेतली. पण तेव्हा मराठी टंक एकेकाचा वेगळा असायचा. एकाच्या संगणकावरचं लेखन दुसऱ्याकडे चौकोन-त्रिकोण होऊन उघडायचं, आणि शोधयंत्राला तर त्यातलं अक्षरही कळत नसे. युनिकोड रुळलं तसा मराठी मजकूर शोधून सापडायला लागला. पुढे मराठी ब्लॉगांना चांगले दिवस आले, इतके की २००८ मध्ये ‘स्टार माझा’ वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धा घेतली. पैसे कुणालाच मिळत नव्हते आणि कुणी मागतही नव्हतं. दिवाळी अंकाच्या मानधनाची वाट पाहण्यात हयात गेलेल्या भाषेला फुकट लिहिण्याचं काय नवल! का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा जाहिरातींच्या पानांवर उभी आहे. अंकाला जाहिराती मिळतात, लेखकाला अंकाची प्रत.

मग फेसबुक आलं, व्हॉट्सॲप आलं आणि वाचक तिकडे गेला. माझा एक लेख चार गटांतून फिरून मलाच परत आला. वर ‘लेखक अज्ञात’, खाली ‘आवडल्यास पुढे पाठवा’. मी आवडीने पुढे पाठवलाही असता, पण मधला एक परिच्छेद कुणीतरी स्वतःच्या अक्कलहुशारीने बदलला होता. अशा हजारो वाचनांचा ब्लॉगला एक पैसाही मिळत नाही, कारण वाचक तुमच्या पानावर आलेलाच नसतो. याला उपाय एकच आहे: जे उचलून नेलं की शिळं होतं, ते लिहायचं. सुविचार जन्मभर फिरतो. आजचा केळीचा भाव उद्या निरुपयोगी असतो, म्हणून त्यासाठी माणसाला पुन्हा तुमच्याच पानावर यावं लागतं.

हे मर्म मराठीत सगळ्यात आधी कळलं ते जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि त्यामागोमाग शिक्षकांच्या ब्लॉगांची लाटच उसळली. शासन निर्णय, निकालपत्रकांचे तक्ते, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, वर्णनात्मक नोंदी, बदलीचं वेळापत्रक. साहित्य म्हणून शून्य, पण सोमवारी सकाळी केंद्रप्रमुखांनी माहिती मागितली की अख्ख्या महाराष्ट्रातले गुरुजी त्या पानावर धावतात. दरवर्षी नवा निर्णय येतो, त्यामुळे दरवर्षी वाचक परततो. आपल्या सोलापूर जिल्ह्याला यात नवल वाटू नये. शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवून त्यातली निम्मी रक्कम उरलेल्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून टाकली. मात्र ब्लॉगवर जाहिराती लावणाऱ्या गुरुजींनी एक काळजी घ्यावी. सरकारी नोकरीचे वर्तणूक नियम खासगी धंद्याला आडकाठी करतात, प्रासंगिक वाङ्मयीन कामाला मोकळीक देतात. दर महिन्याला येणारी रक्कम यातल्या कोणत्या रकान्यात बसते, हे आधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

ज्याला नोकरी नाही आणि जेऊरला राहूनच काही करायचं आहे, त्याने काय लिहावं? मी सांगेन, रेल्वे स्टेशनवर उभं राहून दोन्ही बाजूंना बघा. पुण्याच्या बाजूला पारेवाडी, तिथून केत्तूरकडे उजनीचं बॅकवॉटर, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. कुर्डुवाडीच्या बाजूला केम, कुंकवाचं गाव. आणि याच तालुक्यातलं कंदर, जिथली केळी आखाती देशांत जाते. नागराज मंजुळे याच जेऊरचे. २०१६च्या ‘सैराट’साठी ते स्वित्झर्लंडला गेले नाहीत, करमाळ्याच्या रानातच त्यांनी कॅमेरा लावला आणि चित्रपटाने मराठीतले कमाईचे जुने हिशेब मोडले. आपल्या भोवतीचं कुणाला वाचायचंय, असं म्हणणाऱ्याने एवढं एक उदाहरण ध्यानात ठेवावं.

केळीचंच घेऊ. ‘केळी लागवड संपूर्ण माहिती’ या नावाची पानं पन्नास सापडतील, सगळी एकमेकांवरून उतरवलेली. त्यात आणखी एकाची भर घालून उपयोग नाही. पण घड निसवल्यावर काय करायचं, एवढ्या एकाच गोष्टीवर कुणी बांधावर उभं राहून लिहिलं तर? निर्यातीच्या घडाला आठ-नऊ फण्या ठेवतात, खालच्या काढून टाकतात, केळफूल मोडतात, घडावर स्कर्टिंग बॅग चढवतात. शेतकऱ्याचा हात फण्या मोडताना अडखळतो, कारण पोसलेला माल स्वतःच्या हाताने फेकायचा असतो. मोडलेल्या आणि न मोडलेल्या घडाचे फोटो शेजारी शेजारी लावा. कटिंगच्या दिवशी तेरा किलोच्या खोक्यात कोणती फणी गेली आणि कोणती व्यापाऱ्याने बाजूला काढली, का काढली, ते दाखवा. करप्याचे ठिपके कितव्या पानापर्यंत चालतात, ते लिहा. हे पान पुण्यातल्या कोणत्याही ‘कंटेंट रायटर’ला लिहिता येणार नाही. तुम्हाला येईल, कारण तुमची चप्पल चिखलाने भरलेली आहे.

असं एक पान जमायला आठवडा जातो. अशी पन्नास-साठ पानं झाली की मग शोधयंत्र दखल घेतं. वर्ष-दीड वर्ष तर फक्त लिहिण्यातच जाणार. एवढा धीर नसेल तर दुधाचा धंदा बरा, दर दहा दिवसांनी पगार तरी होतो.

आणि आता मुद्द्याचं. ही पानं वाचून येणारा पैसा जाहिरातींचा नसतोच, निदान मोठा तरी नसतो. रोपवाटिकावाला फोन करतो, ‘आमच्या पत्रकाचा मजकूर लिहून द्याल का?’ पक्षी बघायला पुण्याहून येणारं कुटुंब विचारतं, ‘होडीची सोय कराल का?’ कुणी केळी पिकवायला नवीन असतो, त्याला आपल्या शेतात एक दिवस येऊन जा म्हणून पैसे मोजायचे असतात. केमचं कुंकू घरपोच हवं असलेली बाई अमेरिकेत असते. ब्लॉग ही पाटी आहे, दुकान पाटीच्या मागे असतं. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. मराठी घराघरांत ‘मधुराज् रेसिपी’ पोहोचली ती व्हिडिओंमुळे, पण त्याच नावाने आज मसालेही विकले जातात. ‘नेटभेट’ हाही आधी मराठी ब्लॉग होता, पुढे त्याची मराठीतून प्रशिक्षण देणारी संस्था झाली. दोघांनीही पाटीवर आधी विश्वास कमावला, माल नंतर मांडला.

विश्वास जायला वेळ लागत नाही, म्हणून काही गोष्टी आधीच सांगतो. घरच्या ग्रुपवर ‘माझ्या ब्लॉगवरच्या जाहिरातीला क्लिक करा’ असं आवाहन कधी टाकू नका. मावशी, आत्या, भाचे सगळे प्रेमाने क्लिक करतात, गुगलला एका गावातून आलेला हा लोंढा लगेच दिसतो, खातं बंद होतं आणि साठलेले पैसे जाहिरातदाराला परत जातात. खताच्या कंपनीने पैसे किंवा फुकट गोणी देऊन लिहून घेतलं असेल तर वरच ‘जाहिरात’ असं ठळक लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत, फसव्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा सापडलात तर पन्नास लाखांपर्यंत. खात्याला दुहेरी पडताळणी लावा. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, यांचं यूट्यूब चॅनल ऐन भरात असताना २०२० मध्ये हॅकरांनी पळवलं होतं. सुदैवाने ते काही दिवसांत परत मिळालं.

‘घरबसल्या ब्लॉगमधून महिना लाख कमवा’ असा कोर्स विकणाऱ्यांबद्दल काय बोलावं? करमाळ्याच्या कमलाभवानीच्या यात्रेत देवी कुणाला पावली ते सांगता येत नाही, नारळवाल्याचा धंदा मात्र नक्की झालेला असतो. ब्लॉगस्पॉटवर जागा फुकट मिळते, स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला तर वर्षाला हजारभर रुपये. याहून जास्त खर्च पहिल्या वर्षी कुणी सांगत असेल तर तो तुमचा गुरू नाही, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक आहात.

ॲडसेन्सची रक्कम डॉलरमध्ये निघते, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. तालुक्याच्या शाखेला तो बहुधा नसतो, मोठ्या शाखेचा विचारून घ्या. ‘परदेशातून कशाचे पैसे?’ असा फोन बँकेतून येईल तेव्हा गांगरू नका, ‘जाहिरातीच्या सेवेचे’ असं सांगा आणि त्याची पावती मागून घेऊन जपून ठेवा. आयकराच्या विवरणपत्रात ही रक्कम दाखवावीच लागते.

आणि ॲडसेन्समध्ये पत्ता भरताना नुसतं ‘जेऊर, जिल्हा सोलापूर’ लिहून थांबू नका. जेऊर अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे, आणि आपल्याच सोलापूर जिल्ह्यात दुसरं एक जेऊर अक्कलकोट तालुक्यात आहे. तालुका करमाळा आणि टपालाचा पिनकोड न विसरता लिहा, नाहीतर तुमचं कार्ड तिकडे जाऊन पडेल.