ढालीचे दावेदार

शाळेच्या संघाचे भाग्यच असे विलक्षण आहे की, ज्या मुलांनी त्याला नावारूपाला आणावे ती मोठी होताच शाळा सोडून जातात, आणि तरीही प्रतिस्पर्धी शाळेचे नाव निघताच नव्या तुकडीतल्या पोराच्या अंगात तीच जुनी ईर्षा संचारते. ही ईर्षा पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते हे पाहावयाचे असेल तर मुंबईच्या हॅरिस शिल्डाचे दप्तर उघडावे. मुंबई इलाख्याचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही शालेय क्रिकेट स्पर्धा म्हणजे मुंबईच्या फलंदाजीची खरी तालीम होय.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दादरच्या शारदाश्रम शाळेसमोर फोर्टची सेंट झेवियर्स उभी होती. म्हणजे सुनील गावसकर ज्या शाळेतून घडले ती शाळा, कोणी ऐरीगैरी नव्हे. २ बाद ८४ या धावसंख्येवर सचिन तेंडुलकर विनोद कांबळीच्या साथीस आला आणि डाव ७४८ वर घोषित झाला तेव्हाही दोघे नाबादच होते : कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६, भागीदारी ६६४. साईराज बहुतुले त्या डावात झेवियर्सकडून गोलंदाजी करीत होता. मला मात्र या सामन्यातला सर्वांत मोलाचा खेळाडू वाटतो तो पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला अमोल मुजुमदार. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्याला भारताकडून खेळता आले नाही. पण २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक तोच होता.

या पराक्रमामागे रमाकांत आचरेकर सरांचा अंमल होता. त्यांच्याच सल्ल्याने सचिनने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात प्रवेश घेतला. गुणी मुलांना एका छताखाली आणण्याची ही रीत पुढे फोफावली, तशी विक्रमांची उंची वाढली, परंतु सामन्यांतली चुरस आटत गेली. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक या शालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ व ५२ धावांत आटोपले होते. त्या मुलाचा पराक्रम निर्विवाद थोर आहे, पण याला स्पर्धा म्हणणे मला जड जाते. बरोबरीचा प्रतिपक्ष लाभल्यावाचून शाळांचा इतिहास घडत नाही.

हीच गोष्ट आपल्या परिसरालाही लागू पडते. पिंपरी-चिंचवडमधले पवनेकाठचे पिंपळे सौदागर एके काळी शेतीचे गाव होते, त्याची इमारतींची वस्ती गेल्या काही दशकांत झाली. साहजिकच इथल्या बहुतेक शाळा तरुण आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीला शालेय क्रीडास्पर्धांत जिल्ह्याचा स्वतंत्र दर्जा असल्याने १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत इथल्या मुलांची पहिली गाठ रहाटणी-वाकडसारख्या शहरातल्याच शेजाऱ्यांशी पडते. विभाग आणि राज्य नंतरचे. तेव्हा बक्षिसाचा हिशेब न ठेवता शेजारच्या एका शाळेशी दरवर्षी ठरल्या तारखेला सामना करावा आणि त्याची गुणवही दोन्ही शाळांच्या दप्तरी जपावी. तीत राखीव खेळाडूंचीही नावे असावीत.