टॉबीचा फोटो आणि आपल्या मुक्या सोबत्याचे शेवटचे दिवस

फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या 'राजगृहा'त काढलेला एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत. त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. पुढे २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या, म्हणजे या फोटोनंतर जेमतेम सव्वा वर्षाने. हा एक फोटो नसता, तर त्या कुटुंबात टॉबी होता हे आपल्यापैकी कितीजणांना कळले असते?

आज आपल्या घरातला कुत्रा किंवा मांजर म्हातारे होते, खाणे सोडते, कोपऱ्यात पडून राहते. तेव्हा हातात मोबाईल असूनही मन कचरते. मरणाऱ्या जीवाचे फोटो काढावेत का? ही आसक्ती तर नाही ना? आम्हाला वाटते, उत्तर फोटोत नाही, तो काढणाऱ्याच्या मनात आहे. 'हा जाऊच नये' म्हणून धडाधड शंभर फोटो काढणे ही आसक्ती. 'हा जाणार आहे' हे मान्य करून त्याच्याकडे नीट पाहणे ही सती, म्हणजेच जागरूकता. अनिच्चता आपण वंदनेनंतर ऐकतो. इथे ती आपल्याच उंबरठ्यावर धापा टाकत असते.

आधी सेवा, मग फोटो

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला स्वच्छ केले, उचलून अंथरुणावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा करण्याची शिकवण संघाला दिली. आपला क्रमही तोच असावा. पाणी, औषध, कोरडे अंथरूण आणि जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला आधी. मोबाईल त्यानंतर. २२ प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांविषयीच्या दयेची आहे, हे विसरू नये.

फोटो काढताना

फ्लॅश आणि मोबाईलचा आवाज बंद ठेवा, आजारी जीव दचकतो. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड पुरेसा असतो. उभे राहून वरून फोटो काढू नका, जमिनीवर त्याच्या शेजारी बसा. चांगल्या फोटोसाठी त्याला उचलू किंवा हलवू नका. त्याने तोंड फिरवले, तो लपू लागला, तर थांबा.

फक्त चेहराच नको. पांढरे झालेले तोंड, झिजलेले पंजे, त्याची थाळी, दारातली नेहमीची जागा, त्याच्या पाठीवरून फिरणारा आजीचा हात हेही टिपा. त्याला हाक मारतानाचा छोटा व्हिडिओ घ्या. काही वर्षांनी त्यातला घरच्यांचा आवाजही तितकाच मोलाचा वाटेल.

शेवटचा श्वास मात्र टिपू नका. तेव्हा मोबाईल खाली ठेवा आणि दोन्ही हात त्याच्यासाठी मोकळे ठेवा. तडफडतानाचे फोटो स्टेटसला टाकणे ही करुणा नव्हे. काहीही टाकण्यापूर्वी घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना विचारा.

नंतर

एक तरी फोटो छापून घ्या. मोबाईल हरवतो, बिघडतो. फोटोच्या मागे नाव आणि तारीख लिहा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत कित्येक घरांत माणसांचेही फोटो निघाले नाहीत, मग जनावरांचे कुठून निघणार? म्हणून ही नोंद लहान नाही.

त्याच्या नावाने कर्मकांड करण्याची गरज नाही. त्याची थाळी धुऊन त्यात रोज पाणी भरा आणि गल्लीतल्या कुत्र्यांसाठी दाराबाहेर ठेवा. फोटो आठवण जपेल, आणि ती थाळी मैत्री पुढे नेईल.

नमो बुद्धाय, जय भीम!