खराडीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना

नातवंडं सांभाळायला आपल्यातल्या कितीतरी जणी पुण्याला जातात. मी खराडीला गेले. मुळा-मुठेच्या काठचं हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आलं. शेतांच्या जागी आयटी पार्क आले, सोसायट्या उभ्या राहिल्या.

सोसायटीत दुपारी अगदी सामसूम. दोघंही कामावर, म्हणून दारं बंद. पहिले आठ दिवस मला सोबत होती ती कुकरच्या शिट्टीची! ओट्यावरून हाक मारायची सोय नाही. पण शेजार असतो, तो खाली असतो. संध्याकाळी बाळाला घेऊन बागेत उतरा. बाकड्यावर आपल्यासारख्याच आज्या भेटतात, कोणी लातूरची, कोणी नगरची.

एक मात्र पहिल्याच दिवशी करा. सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते, पण पत्ता आपल्यालाच सांगावा लागतो. सगळ्या इमारती सारख्याच, घाबरल्यावर काही आठवत नाही. गेटवरच्या वॉचमनलाही कळवा, म्हणजे गाडी अडणार नाही.

नातवाला ताप चढला, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटी समोरचं दार वाजवलं. ते लगेच उघडलं.