पाच टक्के, पण कशाचे?

मागच्या नाताळच्या सुट्टीत माझ्या एका तोंडी हिशोबापायी एका म्हाताऱ्या माणसावर अर्ध्या क्विंटल धानाच्या चोरीचा संशय आला. मी साहित्याची विद्यार्थिनी. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध बसच्या तिकिटापुरता. तरी हा लेख गणितावर आहे, कारण ती चूक नेमकी कुठे झाली हे मला स्वतःलाच नीट लिहून काढायचं होतं.

वारासिवनीजवळ माझ्या मामाचं गाव. मामाचं ५० क्विंटल धान ट्रॉलीत भरून खरेदी केंद्रावर गेलं आणि तसंच परत आलं. सरकारी खरेदीत धानात जास्तीत जास्त १७ टक्के ओलावा चालतो. आमच्या बालाघाटकडे ओलावा कोणी म्हणत नाही, सगळे नमीच म्हणतात. मीटरवर नमी २२ आली. आता खळ्यावर पसरून वाळवायचं आणि पुन्हा न्यायचं. मामा म्हणाला, "बाई, तू शिकलेली आहेस. सांग बरं, वाळल्यावर किती भरेल?"

मी कागदसुद्धा घेतला नाही. २२ वरून १७, म्हणजे ५ टक्के गेले. ५० चे ५ टक्के अडीच. "साडेसत्तेचाळीस क्विंटल," मी सांगून टाकलं.

चार दिवस ऊन खाल्ल्यावर नमी १७ वर आली. त्याच काट्यावर वजन केलं तर भरलं ४६ क्विंटल ९५ किलो. माझ्या हिशोबाने ५५ किलो कमी. खळ्यावर रात्री राखणीला गावातलेच एक आजोबा झोपायचे. मामाने त्यांना एवढंच विचारलं, "रात्री इकडे कोणी आलं होतं का?" आजोबा नाही म्हणाले. मामाने तेच पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आजोबांनी मान खाली घातली, आणि ते मी पाहिलं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले.

चूक अशी होती. २२ टक्के हे ५० क्विंटलाचे २२ टक्के होते. १७ टक्के हे वाळून जे वजन उरेल त्याचे १७ टक्के. दोन वेगवेगळ्या वजनांचे टक्के मी एकमेकांतून सरळ वजा केले. टक्का ही वस्तू नाही, तो कशाचा तरी भाग असतो. ते 'कशाचा तरी' बदललं की वजाबाकीला अर्थ उरत नाही. हे वाचताना सोपं वाटतं. मलाही सोपं वाटलं, पण चूक करून झाल्यावर.

मग मोजायचं काय? जे उन्हाने जात नाही, ते. पाणी उडून जातं, दाण्यातला कोरडा भाग तेवढाच राहतो. सुरुवातीला पाणी २२ टक्के, म्हणून कोरडा भाग ७८ टक्के. ५० क्विंटलाचे ७८ टक्के म्हणजे ३९ क्विंटल. वाळल्यावर पाणी १७ टक्के, म्हणून कोरडा भाग ८३ टक्के. उरलेलं वजन क्ष मानलं, तर

०.८३ × क्ष = ३९

क्ष = ३९ ÷ ०.८३ = ४६.९९ (जवळपास)

म्हणजे ४६ क्विंटल ९९ किलो. माझ्या ५५ किलोंच्या तुटीतले ५१ किलो कोणी नेलेच नव्हते, ते माझ्या डोक्यातच जास्तीचे होते. राहिले ४ किलो. चार दिवस उघड्यावर धान असेल तर चिमण्या आणि धूळ एवढं नेतातच.

शाळेत ज्याला 'मिश्रणाची उदाहरणं' म्हणतात ती सगळी याच घरातली. आमच्या पुस्तकात २० टक्के आम्ल आणि ५० टक्के आम्ल मिसळत असत. आमच्या घरी आम्ल कोणी मिसळत नव्हतं, त्यामुळे ती उदाहरणं मी पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरले. त्याऐवजी भरवेलीची खाण घेतली असती तर बालाघाटच्या पोरांना जास्त कळलं असतं. शहराच्या जवळच भूमिगत मँगनीजची ही मोठी खाण आहे. ती मॉइल चालवते, जिचं मुख्यालय नागपूरला. मँगनीजच्या खनिजाचा भाव त्यात धातू किती टक्के आहे यावर ठरतो, आणि जमिनीतून निघणारा सगळा माल एकाच प्रतीचा नसतो. म्हणून चढ्या आणि उतरत्या प्रतीचा माल एकत्र करून हवी ती टक्केवारी साधावी लागते.

आकडे मी सोयीचे घेते. एका ढिगात ४६ टक्के मँगनीज आहे, दुसऱ्यात २८ टक्के. आपल्याला ३६ टक्क्यांचा ९० टन माल हवा. कोणत्या ढिगातून किती घ्यायचा?

समीकरण मांडण्याआधी अंदाज करावा. दोन्ही सारखे, ४५-४५ टन घेतले तर मधली टक्केवारी ३७ येईल. आपल्याला ३६ हवी, थोडी कमी. म्हणजे भारी माल ४५ टनांपेक्षा थोडा कमी लागणार. हा अंदाज हाताशी असला की पुढे आकडेमोडीत घसरलो तर लगेच कळतं. मी मामाला उत्तर दिलं तेव्हा हीच पायरी गाळली होती.

आता भाषांतर. मला तर शाब्दिक उदाहरण हे भाषांतरच वाटतं, मराठीतून समीकरणात. भारी माल क्ष टन. एकूण ९० टन, म्हणून हलका माल ९० − क्ष टन. आणि मुख्य वाक्य असं: दोन ढिगांतून जेवढा धातू आला, तेवढाच एकत्र मालात आहे. वाटेत धातू वाढत नाही, आटत नाही. हे वाक्य सापडलं की गणित सुटल्यात जमा.

४६ × क्ष + २८ × (९० − क्ष) = ३६ × ९०

दोन्हीकडे १०० ने भागायला हवं होतं, पण सगळीकडेच भागायचं तर ते सोडून दिलं तरी चालतं. कंस सोडवला की १८क्ष + २५२० = ३२४०, म्हणून १८क्ष = ७२० आणि क्ष = ४०. भारी माल ४० टन, हलका ५० टन. ४० हे ४५ पेक्षा थोडे कमी, अंदाज जुळला. ताळा: ४० टनांत १८.४ टन धातू, ५० टनांत १४ टन, मिळून ३२.४. आणि ९० टनांचे ३६ टक्के? तेही ३२.४.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासात हेच एका फुलीने करतात. वर ४६ आणि २८, मध्ये ३६, तिरपी वजाबाकी: ३६ − २८ = ८ आणि ४६ − ३६ = १०. प्रमाण ८ : १०, म्हणजे ४ : ५. उत्तर दहा सेकंदांत. फुलीला माझा विरोध नाही, ती वरच्या समीकरणातूनच आलेली आहे. पण फुली पाठ असलेला माझा भाऊ धानाच्या उदाहरणाला अडला, कारण तिथे त्याला दुसरा ढीगच दिसेना. तो दुसरा ढीग म्हणजे निव्वळ पाणी, १०० टक्के नमीचं. ओलं धान म्हणजे वाळलेलं धान आणि पाणी यांचं मिश्रण. पाणी आणि धान यांचं प्रमाण (२२ − १७) : (१०० − २२), म्हणजे ५ : ७८. आता ५० क्विंटलाचे ८३ भाग करा आणि त्यातले ५ भाग पाण्याचे काढा. ३.०१ क्विंटल. पुन्हा तेच उत्तर.

ही दोन उदाहरणं, मिसळण्याचं आणि उडून जाण्याचं, एकच आहेत हे भास्कराचार्यांनी केव्हाच दाखवून ठेवलंय. तेच भास्कराचार्य, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. ११५० सालच्या 'लीलावती'त सोन्याचं एक उदाहरण आहे. १०, ४, २ आणि ४ मासे सोनं, त्यांचे कस अनुक्रमे १३, १२, ११ आणि १०. सगळं एकत्र वितळवलं तर कस किती? (शुद्ध सोन्याचा कस १६ धरायचा.) प्रत्येक वजनाला त्याच्या कसाने गुणायचं: १३० + ४८ + २२ + ४०, बेरीज २४०. एकूण वजन २० मासे. २४० ÷ २० = १२. हे झालं मिश्रण. पण पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. हेच २० मासे सोनं शुद्ध करताना हीण जळून १६ मासे उरलं, तर कस किती? सोनं तेवढंच आहे, म्हणून २४० तसेच राहतात. २४० ÷ १६ = १५. हीण जळालं काय आणि धान वाळलं काय, हिशोब तोच. तिथले २४० म्हणजे आमचे ३९ क्विंटल.

सकाळी मी मामाला क्ष वगैरे काही सांगितलं नाही. १०० किलोचं सांगितलं: त्यात ७८ किलो कोरडा दाणा, तो काही उन्हाने जात नाही. वाळल्यावर वजन ९५ किलो राहिलं असं धरलं, तर ७८ वजा जाता पाणी १७ किलो. पण हे १७ किलो ९५ मधले आहेत, १०० मधले नाहीत. ९५ मध्ये १७ म्हणजे नमी १७ च्या वरच, जवळजवळ १८. केंद्रावरून धान पुन्हा परत आलं असतं. नमी खरोखर १७ वर आणायची तर अजून एक किलो पाणी जायला हवं.

मामा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. "म्हणजे आपल्या धानात तीन क्विंटल पाणीच होतं?"

"तीन क्विंटल एक किलो. मीच अडीच सांगितलं होतं, मामा."

तो काही बोलला नाही, चपला घालून खळ्याकडे गेला. मीही मागे गेले, कारण आजोबांशी मलाच बोलायचं होतं. चूक माझी होती हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. ते म्हणाले, "धान वाळलं की हलकं होतंच, पोरी." ट्रॉली भरून निघाली तेव्हा मामाने त्यांना पुढे, ट्रॅक्टरवर स्वतःच्या शेजारी बसवून नेलं.