कोकोमधील अंतर्वासी कवके

कोको (शास्त्रीय नाव: थिओब्रोमा ककाओ) या वृक्षाची पाने, खोड व फळे यांच्या ऊतींमध्ये रोगलक्षणे न दाखवता राहणाऱ्या बुरशींना अंतर्वासी कवके किंवा एंडोफाइट म्हणतात. यांपैकी काही कवके झाडाचे रोगांपासून रक्षण करतात.

महत्त्व

कोकणात कोको हे नारळ-सुपारीच्या बागांतील आंतरपीक आहे. फायटोफ्थोरा या कवकसदृश जीवामुळे पावसाळ्यात कोकोची फळे काळी पडून कुजतात. ब्राझीलच्या बाहिया राज्यात १९८९ मध्ये ‘विचेस ब्रूम’ या कवकजन्य रोगाचा शिरकाव झाला आणि तेथील कोकोचे उत्पादन कोसळले. रासायनिक फवारणी खर्चिक असून पावसात धुऊन जाते. म्हणून झाडातच राहणाऱ्या उपकारक कवकांचा शोध महत्त्वाचा ठरतो.

पनामामध्ये एलिझाबेथ आर्नल्ड व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अंतर्वासी कवके असलेल्या पानांची फायटोफ्थोरामुळे झालेली हानी कवकविरहित पानांपेक्षा कमी असल्याचे त्यात आढळले. कोकोच्या कोवळ्या पानांत ही कवके जवळजवळ नसतात. हवा व पावसाबरोबर येणाऱ्या बीजाणूंमुळे ती पुढे पानांत शिरतात.

ओळखण्याची पद्धत

निरोगी पान प्रथम अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करतात, जेणेकरून केवळ पृष्ठभागावरील कवके नष्ट व्हावीत. पानाचे बारीक तुकडे पोषक आगरावर ठेवले असता आतील कवकजाल बाहेर वाढू लागते. निर्जंतुक केलेल्या पानाचा ठसा आगरावर उमटवूनही पाहतात. त्या ठशावर काही उगवले, तर पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ झाला नव्हता असे समजतात.

वेगळ्या केलेल्या कवकाची ओळख वसाहतीचा रंग व बीजाणूंचा आकार यांवरून पटते. मात्र अनेक अंतर्वासी कवके प्रयोगशाळेत बीजाणूच तयार करत नाहीत. अशा वेळी डीएनएमधील आयटीएस हा भाग वाचतात. २०१२ मध्ये त्याला कवकांचा प्रमाण बारकोड म्हणून सुचवण्यात आले. ट्रायकोडर्मा व कोलेटोट्रायकम या प्रजातींतील जवळच्या जाती वेगळ्या करण्यास तो पुरेसा नसल्याने इतर जनुकेही तपासावी लागतात. भारतात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह असून तेथे कवकांची ओळख पटवण्याची सेवा उपलब्ध आहे.

उपयुक्तता व मर्यादा

विदर्भात हरभऱ्याच्या मर रोगावर बीजप्रक्रियेसाठी परिचित असलेल्या ट्रायकोडर्माच्या काही जाती कोकोमध्येही आढळतात. ट्रायकोडर्मा स्ट्रोमॅटिकम ही जाती ब्राझीलमध्ये विचेस ब्रूमविरुद्ध वापरली जाते.

केवळ नाव कळल्याने कवक उपकारक ठरत नाही. कोलेटोट्रायकमच्या काही जाती फळांवर करपा आणतात, तर कोलेटोट्रायकम ट्रॉपिकाले ही जाती कोकोची प्रतिकारशक्ती वाढवते. म्हणून वेगळे केलेले कवक निरोगी रोपांत पुन्हा सोडून, त्यानंतर रोगकारकाचा संसर्ग घडवून त्याचा परिणाम पडताळणे आवश्यक असते.