संघ-मार्गदर्शकाची घडण : अजाइल कार्यपद्धती आणि आचऱ्याची रापण

प्रस्तावना

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा संगणक-तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी संगणक-प्रणाली निर्मितीविषयीचा एक छोटा जाहीरनामा तयार केला. 'अजाइल' हे नाव या जाहीरनाम्यामुळे रूढ झाले. काम लहान टप्प्यांत करावे, प्रत्येक टप्प्याअखेर ते ग्राहकाला दाखवावे, बदलांचे स्वागत करावे आणि कामाची आखणी काम करणाऱ्या संघानेच करावी, असा या पद्धतीचा आशय आहे. पुढे ही पद्धत बँका, विमा कंपन्या, कारखाने यांतही गेली. पुणे-मुंबईच्या संगणक-उद्योगात नोकरीस लागणाऱ्या सिंधुदुर्गातील पदवीधरांनाही तिची ओळख पहिल्याच वर्षी होते.

या पद्धतीबरोबर एक नवी भूमिका आली. ती म्हणजे संघाच्या मार्गदर्शकाची, ज्यास स्क्रम मास्टर किंवा अजाइल कोच म्हणतात. ही भूमिका अनेकदा अननुभवी व्यक्तीकडे सोपविली जाते आणि तिच्या शिक्षणासाठी दोन दिवसांचा प्रमाणपत्र-वर्ग पुरेसा मानला जातो. अशा व्यक्तीस खऱ्या अर्थाने कसे घडवावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मालवण तालुक्यातील आचरा गावच्या किनाऱ्यावरील रापण या सामूहिक मासेमारीचा आधार घेतला आहे. अधिकाराविना संघ चालविण्याचे शिक्षण कोकण किनाऱ्यावर संगणकाच्या कितीतरी आधीपासून दिले जात होते.

भूमिकेचे स्वरूप

१९८६ साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन आदी कंपन्यांतील नव्या उत्पादनांच्या निर्मितीचा अभ्यास प्रसिद्ध केला व अशा संघांच्या वाटचालीस रग्बी या खेळाची उपमा दिली. 'स्क्रम' हा शब्द तेथून आला. केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये या नावाची कार्यपद्धती मांडली आणि २०१० पासून तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध होऊ लागली. तीनुसार कामाचा एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, एक महिन्याहून मोठा नसतो. रोज पंधरा मिनिटांची बैठक होते आणि टप्प्याच्या अखेरीस आपण काम कसे केले याचे सिंहावलोकन संघ स्वतः करतो.

या सर्वांत मार्गदर्शकाकडे काम वाटण्याचा, रजा मंजूर करण्याचा किंवा पगारवाढ देण्याचा अधिकार नसतो. अडथळे दूर करणे, संघाला पद्धत समजावणे, योग्य वेळी प्रश्न विचारणे आणि योग्य वेळी गप्प राहणे एवढेच त्याच्या हाती असते. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड होय.

अधिकार नसलेल्या या जागी अननुभवी माणूस बसविला की तो बहुधा दोहोंपैकी एका बाजूस घसरतो. एक तर तो कारकून होतो. मग बैठकांच्या वेळा कळविणे, टिपणे काढणे, तक्ते भरणे हेच त्याचे काम होऊन बसते. किंवा तो मुकादम होतो आणि रोजच्या बैठकीत प्रत्येकाकडून हजेरीप्रमाणे कामाचा हिशेब घेऊ लागतो. दोन्ही प्रकारांत दोष व्यक्तीचा कमी आणि तिच्या घडणीचा अधिक असतो, कारण तिने कामाच्या जागी आजवर पाहिलेल्या भूमिका कारकुनाच्या आणि मुकादमाच्याच असतात.

रापणीतील शिक्षण

रापणीचे काम वरवर साधे दिसते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळाकार जाळे सोडीत येते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन गट दोन्ही टोके ओढू लागतात आणि जाळे जसजसे जवळ येते तसतसे हे गटही एकमेकांकडे सरकतात. एक बाजू वेगाने ओढली गेली तर जाळे तिरके होते; खालची कड जमिनीवरून उचलली गेली तर मासळी खालून निसटते. त्यामुळे ताकदीपेक्षा लय महत्त्वाची ठरते. मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. मेहनतीचा वाटा असतो, तसाच होडीचा व जाळ्याचाही असतो. बांगडा किंवा तारली भरपूर लागली तर सर्वांनाच लाभ होतो आणि जाळे रिकामे आले तर सर्वांचीच मेहनत वाया जाते.

नवखा मुलगा या कामात कोठून शिरतो, हे पाहण्याजोगे आहे. तो प्रथम दोराच्या मागच्या टोकाला असतो. आलेला दोर गुंडाळणे, ओल्या जाळ्यातला कचरा काढणे, फाटलेले जाळे विणताना हाताखाली बसणे ही त्याची कामे. त्यात त्याची चूक झाली तरी मासळी जात नाही. मात्र त्या जागेवरून त्याला सगळे दिसत असते. दोन्ही बाजूंना लय कोण देतो, वारा फिरला की कोणता गट थांबतो, पाण्याचा बदललेला रंग पाहून जाणता रापणकार होडी कोणीकडे वळवायला सांगतो, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. होडीवर जाण्याची पाळी पुष्कळ नंतर येते.

जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ साली मांडलेला 'परिघावरील वैध सहभाग' हा सिद्धान्त नेमके हेच सांगतो. लायबेरियातील शिंपी शिकाऊ मुलाला आधी इस्त्री, काजे-बटणे अशी शेवटची कामे देतात, मग शिवण आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. कापड चुकीचे कापले गेले तर ते फुकट जाते, म्हणून कामांचा क्रम चुकीच्या किमतीवरून ठरतो. याच ग्रंथात उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील मोठ्या दुकानांत मांस कापण्याचे काम शिकणाऱ्या उमेदवारांना वेष्टन बांधण्याच्या जागी उभे केले जाई आणि तेथून कुशल कारागिरांचे काम दिसतच नसे. परिणामी ते उमेदवार वेष्टनातच तरबेज झाले. ज्या कार्यालयात शिकाऊ मार्गदर्शकाला केवळ टिपणांचे काम देऊन अवघड संभाषणांतून बाहेर ठेवले जाते, त्याने हे उदाहरण लक्षात घ्यावे. घरून काम करण्याच्या पद्धतीत हा धोका अधिकच वाढतो.

अर्थात ही तुलना ताणता येणार नाही. रापणीचे काम उघड्यावर चालते आणि समुद्र काही तासांतच उत्तर देतो. संगणक-प्रणालीचे काम दिसत नाही, म्हणून ते फलकावर मांडावे लागते. आणि मार्गदर्शकाच्या चुकीचे फळ महिन्यांनी दिसते. शिवाय रापणीत नातेसंबंध, वाडी आणि वडीलधाऱ्यांचा मान यांचे बळ असते, जे नोकरीच्या ठिकाणी नसते. आणखी एक खंत येथे नोंदविली पाहिजे. यांत्रिक मासेमारीच्या, विशेषतः पर्ससीन जाळ्यांच्या, वाढीमुळे रापण मागे पडत गेली. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावरचा संघर्ष मिटला नाही. रापण थांबली की मासळीबरोबर एक शाळाही बंद होते.

निवड कोणाची करावी

दुसरे जवळचे उदाहरण बचत गटांचे आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली, तर राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजेच 'उमेद', २०११ मध्ये सुरू झाले. या अभियानात गटांना मार्गदर्शन करणारी समुदाय संसाधन व्यक्ती बहुधा गटातल्याच महिलांमधून निवडली जाते. तिला अधिकारपदाचा अनुभव नसतो. परंतु नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री तिने सदस्य म्हणून पाळलेली असते, हप्ता चुकल्यावर बैठकीत मान खाली घालून बसण्याचा प्रसंग काय असतो हे तिला ठाऊक असते. म्हणूनच तिचे बोलणे दुसऱ्या गटाला पटते.

यावरून 'अननुभवी' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करता येतात. मार्गदर्शनाचा अनुभव नसणे ही उणीव भरून काढता येते. संघात सदस्य म्हणून राबल्याचाच अनुभव नसणे ही उणीव वर्गात भरून निघत नाही. महाविद्यालयातून थेट आलेल्या तरुणाला ही भूमिका द्यावयाची असेल, तर आधी त्याला काही स्प्रिंट सामान्य सदस्य म्हणून काम करू द्यावे, हे सर्वांत स्वस्त प्रशिक्षण होय.

प्रशिक्षणाचा क्रम

त्यानंतरचा क्रम रापणीच्याच न्यायाने लावता येतो. प्रारंभी उमेदवाराने अनुभवी मार्गदर्शकासोबत सर्व बैठकांना बसावे, तणावाच्या बैठकांनाही. मग रोजची बैठक त्याच्याकडे द्यावी, कारण ती आज बिघडली तर उद्या सुधारता येते. येथे एक खूण उपयोगी पडते. बोलताना सदस्य एकमेकांकडे पाहत असतील तर बैठक संघाची आहे. सगळ्यांच्या नजरा उमेदवाराकडे असतील तर तो मुकादम झाला आहे. अशा वेळी त्याने वर्तुळाबाहेर उभे राहावे, एवढा साधा उपायही पुष्कळदा पुरतो.

सिंहावलोकनाची बैठक त्याहून कठीण. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते आणि नवखा माणूस घाबरून स्वतःच उत्तर देतो. मनातल्या मनात वीस आकडे मोजण्याची सवय लावणे हा प्रशिक्षणाचा भाग असावा. आपल्याकडे या शांततेला आणखी कारणे आहेत. साहेबांसमोर उणीव बोलून दाखविणे हा उद्धटपणा समजला जातो आणि इंग्रजीत चाललेल्या बैठकीत मराठी माध्यमातून आलेला सदस्य बरोबर असूनही बोलत नाही. वरिष्ठांना त्या बैठकीबाहेर ठेवणे आणि मराठीत बोलण्यास मोकळीक देणे या दोन गोष्टींनी जे साधते, ते परदेशी पुस्तकांतील खेळांनी साधत नाही. प्रत्येक बैठकीनंतर अनुभवी मार्गदर्शकाने उमेदवाराशी दहा मिनिटे बोलावे आणि त्यात उपदेशाऐवजी 'तेथे तू का बोललास?' असा प्रश्न विचारावा. समुद्र देतो ते तत्काळ उत्तर कार्यालयात असे मुद्दाम निर्माण करावे लागते.

सदस्यांतील भांडण आणि संघाच्या वतीने वरिष्ठांना नकार देणे ही कामे सर्वांत शेवटी सोपवावीत; ही होडीवरची जागा आहे. तोपर्यंत उमेदवाराकडे एकाहून अधिक संघ देऊ नयेत. खर्च वाचविण्यासाठी तिघा-चौघा संघांना एक नवखा मार्गदर्शक नेमण्याची प्रथा त्याला हमखास कारकून बनविते. अशा कारकुनीची किंमत शेवटी तोच भरतो. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने आपल्याकडील अजाइल पदे रद्द केली आणि ती अकराशेहून अधिक होती. ज्यांच्या कामाचा उपयोग संघाला सांगता येत नाही, त्यांच्या नोकऱ्या अशा वेळी प्रथम जातात.

प्रशिक्षण पुरे झाले की नाही, हे प्रमाणपत्रावरून ठरविण्यापेक्षा उमेदवारास एक पूर्ण स्प्रिंट रजेवर पाठवून ठरवावे. होडी दूर आत गेलेली असताना किनाऱ्यावरचे दोन्ही गट सांगितल्यावाचून दोर सावरून उभे राहतात. मार्गदर्शक परत आल्यावर त्याने एवढेच पाहावे की रोजची बैठक भरली का, फलक खरा आहे का आणि सिंहावलोकनात ठरलेल्या सुधारणेची जबाबदारी कोणी स्वतःहून घेतली का.